प्रमाण नाक

हर्षदाला वास येत नाही हे कळलं, तो जून महिन्यातला एक मंगळवार होता. नाशिकला डॉक्टर भालेरावांच्या खोलीत ती आणि तिचा नवरा दिगंबर बोरस्ते शेजारी शेजारी बसले होते. आले होते ते वेगळ्याच कारणासाठी. महिनाभरात हर्षदा दोनदा बोलता बोलता मध्येच थांबली होती, पुढचा शब्द सापडेना म्हणून. एकदा तर रोजच्या रस्त्यावर गाडी कडेला घेऊन तिने दिगंबरला फोन केला होता, की इथून डावीकडेच वळायचं ना. वय एक्कावन्न. दिगंबरला वाटत होतं थायरॉइड असेल, झोप कमी पडत असेल.

डॉक्टरबाईंनी टेबलावर कागदाच्या बारा पट्ट्या मांडल्या. डोळे मिटायचे आणि नाकाखाली धरलेल्या पट्टीला कसला वास आहे ते सांगायचं. दिगंबर मनात म्हणाला, चला, एक तरी गोष्ट सोपी निघाली. कारण वास घेणं हीच हर्षदाची नोकरी होती. निफाड तालुक्यातल्या एका माळावर कांदा साठवणीचं संशोधन केंद्र आहे, तिथे एकवीस वर्षं ती नुसत्या वासावरून कांदा तपासत आली होती.

पहिल्या पट्टीला ती म्हणाली, काही नाही. दुसरीलाही तेच. दिगंबर हसला. त्याला वाटलं, ही डॉक्टरबाईंची गंमत करते आहे, तशी सवय होती तिला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. तिसरी रॉकेलची होती, ती तिने ओळखली. सातवी पट्टी बाहेर काढली तेव्हा वास दिगंबरच्या खुर्चीपर्यंत आला. कापलेला कांदा होता तो.

हर्षदा डोळे मिटून तशीच बसली होती.

"ही पण कोरीच आहे का?" तिने विचारलं.

बारापैकी दोन. डॉक्टरबाईंनी पट्ट्या गोळा केल्या आणि सावकाश समजावून सांगितलं. नाकातून आलेला वास मेंदूत जिथे पहिल्यांदा पोचतो, तो भाग काही आजारांत सगळ्यात आधी बिघडतो. पेशींमध्ये एका प्रथिनाचा गाळ साचत जातो. सुरुवात तिथून होते, आणि मग तो गाळ आठवणीकडे, शब्दांकडे, रस्त्यांकडे सरकतो. आधी काढलेल्या स्कॅनवरून हर्षदाच्या आजाराचा प्रकार लवकर पसरणारा दिसत होता. त्यावर औषध निघालेलं होतं, चांगलं होतं, पण वास जायला लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत सुरू केलं तरच गाळ थांबायचा. त्यानंतर त्याचा फारसा उपयोग नव्हता.

"कधीपासून येत नाही वास?" त्यांनी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हर्षदा म्हणाली, येतो की वास, सकाळी चहाचा आला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, तो आठवणीतला असतो. कपात चहा दिसला की मेंदू त्याचा वास आपला आपण आठवून देतो, म्हणून तर माणसाला कळत नाही. डोळे मिटले की खरं कळतं. तुमच्या कामात कुठे नोंद राहत असेल तर बघा, म्हणजे तारीख लागेल.

नोंद होती. दिगंबरही त्याच केंद्रात होता, आणि ती ठेवण्याची व्यवस्था त्यानेच केली होती.

ती हकीकत अशी. कांदा साठवणीच्या चाळीत भरला की पाच-सहा महिने टिकवायचा असतो. वरून चांगला दिसणारा कांदा आतून सडायला लागतो आणि त्याच्या संगतीने आजूबाजूचे जातात. सडण्याचा पहिला पुरावा म्हणजे वास, पण तो माणसाला जाणवेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून केंद्राने एक यंत्र बनवायला घेतलं. त्यात बत्तीस पातळ पापुद्रे होते. कांद्यातून निघणारे वायू त्यांच्यावरून गेले की प्रत्येक पापुद्रा कमीजास्त वीज जाऊ देई. बत्तीस आकड्यांचा तो नमुना म्हणजे यंत्रापुरता वास. पण कोणता नमुना चांगल्या कांद्याचा आणि कोणता सडक्याचा, हे यंत्राला कुणीतरी शिकवावं लागतं. ते हर्षदा शिकवत होती. बरणीत कांदे ठेवायचे, तिने हुंगून शून्य ते दहा गुण द्यायचे, यंत्रानेही द्यायचे. दोघांत दोनपेक्षा जास्त फरक पडला, तर दर शुक्रवारी यंत्राची जुळवणी करून त्याला तिच्या गुणांवर आणायचं. प्रकल्पाच्या कागदांत हर्षदाला 'प्रमाण नाक' म्हटलेलं होतं. यंत्राला सगळे नाकाड म्हणत.

दोन वर्षं हे छान चाललं. मग दिगंबरला बढती मिळाली आणि तो त्याच प्रकल्पाचा प्रमुख झाला. केंद्राच्या नियमाप्रमाणे नवऱ्याच्या हाताखाली बायको किंवा बायकोच्या हाताखाली नवरा काम करू शकत नाही. दोघांपैकी एकाला विभाग सोडावा लागणार होता. दिगंबर म्हणाला होता, मी बढती घेत नाही. हर्षदाच म्हणाली, काही नको, मलाही आता बरण्यांचा कंटाळा आलाय. तिने प्रशिक्षण विभाग मागून घेतला. बचत गटांच्या बायकांना चाळीत कांदा कसा राखायचा आणि नाकाड कसं वापरायचं, हे तिथे शिकवायचं होतं.

पण नाकाडाचं शिक्षण अर्धवट होतं. हर्षदा एकदम गेली असती तर प्रकल्प बसला असता. म्हणून संचालकांनी सांगितलं, बदली हळूहळू करा. त्याचा तक्ता दिगंबरने केला. सोळा आठवडे, चार टप्पे. पहिला महिना चार दिवस साठवण आणि एक दिवस प्रशिक्षण. मग तीन-दोन, मग दोन-तीन, मग एक-चार. निळे आणि पिवळे रकाने. संचालकांना तो तक्ता इतका आवडला की त्यांनी इतर विभागांना नमुना म्हणून वाटला. हर्षदाने तो स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची, बघा, आमच्या साहेबांनी बायकोचे हप्ते पाडून दिलेत.

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या सोमवारी सुरुवात झाली. प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख निकुंभ मॅडम, कडक बाई. त्यांनी पहिल्याच दिवशी निरोप पाठवला की दिवस म्हणजे पूर्ण दिवस, अर्ध्या दिवसाने बाई परत नेलेली चालणार नाही. दिगंबरने ते पाळलं. बदली कशी करावी याचं उदाहरण घालून द्यायचं त्याच्या मनात होतं. त्यातून बायकोची बदली. सगळ्या केंद्राचं लक्ष होतं.

चौथ्या आठवड्यात हर्षदाला बरण्यांना वेळ लागायला लागला. पद्धत अशी होती की बरणी काळ्या कापडात गुंडाळलेली, झाकणाला बोटाएवढं भोक, त्याला बूच. बूच काढायचं, हुंगायचं, गुण द्यायचे, नाकाला थोडी विश्रांती द्यायची. एका बरणीला चार मिनिटं. आता सात-आठ लागत होती. घरी जेवताना ती म्हणाली, यंदाचा कांदा गप्प आहे. दिगंबरला हे निरीक्षण महत्त्वाचं वाटलं. यंदाच्या वाणाला वास कमी दिसतो, असं त्याने त्या महिन्याच्या अहवालात लिहिलंसुद्धा.

पाचव्या आठवड्यात तिचे तीनच दिवस राहिले. बरण्या मात्र तेवढ्याच, आठवड्याला दोनशे. त्या झाल्या नसत्या तर प्रकल्प मागे पडला असता, आणि सगळे म्हणाले असते की बायकोची सोय बघताना कामाचं वाटोळं झालं. दिगंबरने तोडगा काढला. काळं कापड आणि बूच बंद. झाकण उघडून हुंग, एकवीस वर्षांचा अनुभव आहे, कशाला ते सोपस्कार. हर्षदाचा वेग पूर्ववत झाला. बरणी उघडायची, कांदा हातात घ्यायची, मानेपाशी अंगठ्याने दाबायची, नाकाशी न्यायची, गुण द्यायची. एका बरणीला दीड मिनिट. दोघंही खूश झाले.

तेव्हापासून नाकाड आणि हर्षदा यांचं पटेनासं झालं. वरून स्वच्छ, टणक कांदा, तिचे गुण दोन, नाकाडाचे सात. एका आठवड्यात अशा एकतीस बरण्या निघाल्या.

जुळवणीचं काम शबाना अत्तार करायची. तिशीतली, कमी बोलणारी इंजिनिअर. सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी ती दिगंबरच्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली की या आठवड्याची जुळवणी थांबवावी असं तिला वाटतं.

दिगंबरने कारण विचारलं.

"सर, दोघांपैकी एक बदललंय. नाकाड मी बदललेलं नाही."

"म्हणजे मॅडमचं नाक बदललं, असं म्हणायचंय तुला?"

"मी काही म्हणत नाही. मी एक झाकून चाचणी मागतेय. वीस बरण्या, कापडात. दीड तासाचं काम आहे."

दिगंबरला राग आला. तो पोरीचा नव्हता, हे त्याला तेव्हाही आतून कळत होतं. त्याच्या डोळ्यांपुढे आलं ते असं, की बढती मिळून दोन महिने झाले नाहीत आणि नवरा बायकोची परीक्षा घेतोय, तीही तिला विभागातून काढता काढता. केंद्रातला चहाचा प्रत्येक कप त्यावर प्यायला गेला असता. हर्षदा नव्या विभागात जाणार ती डाग घेऊन. तो शबानाला म्हणाला, एकवीस वर्षांचं नाक आणि दोन वर्षांचं यंत्र, कोणावर विश्वास ठेवायचा ते प्रकल्पाच्या नियमांत लिहिलेलं आहे, जुळवणी करून टाक. शबाना म्हणाली, ठीक आहे सर, आणि गेली.

हर्षदाच्या जागी दुसरं कुणीही असतं, तर त्याने चाचणी घेतली असती. न घेण्याचा प्रश्नच नव्हता. वीस बरण्या म्हणजे काय मोठं.

नंतरचे दहा आठवडे शबानाने दर शुक्रवारी नाकाडाला हर्षदाच्या नाकावर आणलं. भांडण कमी होत गेलं. दोघांचं एकमत चौऱ्याऐंशीवरून नव्वद टक्क्यांवर आलं, मग शहाण्णववर. तिकडे निकुंभ मॅडम हर्षदावर खूश होत्या. इतर शिक्षक बायकांना कांदा हुंगायला लावत, हर्षदा मात्र त्यांना मान बघायला, दाबायला, साल चोळून आवाज ऐकायला शिकवायची. मॅडमना ती नवी पद्धत वाटली, त्यांनी ती पुस्तिकेत घातली. अशी ती आठवड्याचे काही दिवस इकडे आणि काही दिवस तिकडे होती. इकडे लोक म्हणत, दमलीय बिचारी, दोन खुर्च्या सांभाळते. तिकडे म्हणत, नवीन आहे, रुळेल. पूर्ण आठवडा तिला पाहणारा एकच माणूस होता, आणि तो तिच्याबरोबर जेवत होता.

सप्टेंबरअखेर निरोप समारंभ झाला. संचालकांनी भाषणात शहाण्णव टक्के हा आकडा दोनदा सांगितला. हर्षदा बोलायला उभी राहिली आणि म्हणाली की माझं नाक मी इथेच ठेवून चालले आहे, नीट सांभाळा. सगळे हसले. त्या हंगामात नाकाड बसवलेल्या बऱ्याच चाळींतून तक्रारी आल्या की यंत्र काही बोललं नाही आणि कांदा आतून गेला. हवा दमट होती, असं कारण दिगंबरने लिहिलं.

डॉक्टर भालेरावांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी तो केंद्रात गेला आणि शबानाला बोलावून विचारलं, जुळवणीआधीचं जुनं नाकाड कुठे जपून ठेवलंय का. तिने तिसऱ्या आठवड्याची प्रत ठेवली होती. प्रत्येक बरणीच्या वायूंचे बत्तीस आकडे ठेवलेले होतेच. शिवाय तपासून झालेले कांदे पुढे कापून आतून बघायचे आणि वहीत लिहायचं, ही भांडारातली जुनी शिस्त होती. त्या वह्या कुणी गुणांशी ताडून पाहिलेल्या नव्हत्या. प्रमाण नाक असताना कशाला पाहायच्या.

दोघांनी जुन्या नाकाडाला त्या सोळा आठवड्यांचे आकडे पुन्हा हुंगायला लावले आणि वह्यांशी लावून बघितले. दुपारपर्यंत काम झालं. पहिल्या तीन आठवड्यांत हर्षदा आणि नाकाड दोघंही बरोबर. चौथ्यात ती किंचित चुकायला लागली. सहाव्यात फरक पडलेल्या एकतीस बरण्यांपैकी सत्तावीस नाकाडाच्या बाजूच्या निघाल्या. अकराव्यापासून पुढे तिला आतली सड एकदाही कळलेली नव्हती. सरळ उतरती रेघ होती. डॉक्टरांना हवी होती ती तारीख त्या रेघेवर बोट ठेवून सांगता येत होती. मागच्या वर्षीचा जूनअखेर. म्हणजे औषधाची मुदत डिसेंबरात संपली होती.

"तू तेव्हा म्हणाली होतीस," दिगंबर म्हणाला.

"हो सर. सहावा आठवडा."

एवढंच. तिने पुढे काही म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिने पडद्यावरचा आलेख बंद केला, त्याला प्रत काढून दिली आणि मॅडमना भेटायला कधी येऊ असं विचारलं.

घरी त्याने हर्षदाला सांगितलं की नाकाड बरोबर होतं. ती भाजी निवडत होती. ऐकून हसायला लागली. म्हणाली, अरेरे, म्हणजे चांगल्या शिकलेल्या त्या बिचाऱ्याला मी बिघडवलं. मग गंभीर होऊन विचारलं, त्याला परत सुधारलं का. त्याने सांगितलं, सुधारलं. ती म्हणाली, बरं झालं, नाहीतर माझ्यापायी लोकांचा कांदा जायचा. दिगंबर तिच्यासमोर बसून होता. शबानाचं नाव त्याच्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात त्यांची मुलगी गार्गी हिचा बंगळूरहून फोन आला आणि मायलेकी बोलत बसल्या. नंतर सांगू, असं त्याने ठरवलं.

औषध सुरू केलं, पण डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं तसंच झालं. फरक पडला नाही.

दिगंबरने संचालकांना लेखी निवेदन दिलं. त्यात काही लपवलं नाही. झाकण काढलं ते कोणी, चाचणी मागितली ती कोणी आणि कोणत्या तारखेला, ती नाकारली कोणी, सगळं लिहिलं. नियम बदलून घेतला. यापुढे माणूस आणि यंत्र यांचं पटेनासं झालं तर आधी माणसाची झाकून चाचणी, मग डॉक्टर, आणि यंत्राला हात सगळ्यात शेवटी. हा नियम केंद्रापुरताच होता, पण तो चाळींवर पोचला, कारण नाकाड चाळींवर होतं. बचत गटांच्या बायका आठवड्याला काही बरण्या स्वतः हुंगून गुण भरत. त्यांचे आणि नाकाडाचे गुण आता शबाना शेजारी शेजारी ठेवून बघायला लागली. पहिल्याच हंगामात साडेचारशे बायकांपैकी तिघींची रेघ हर्षदासारखी उतरताना दिसली. तिघींना वेळेवर नाशिकला नेलं. नंतर नाशिकच्या आणि पुण्याच्या डॉक्टरांनी ती पद्धत मागून घेतली. मसाल्याच्या कारखान्यात, दूध संकलनाला, जिथे जिथे माणसं वास घेतात तिथे ती जाणार होती. संचालक म्हणाले, बोरस्ते, एवढी मोठी गोष्ट आपल्या केंद्रातून निघाली. दिगंबर हो म्हणाला.

त्या तिघींपैकी एक संगीता गांगुर्डे. दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी सकाळी ती पिशवीभर पेरू घेऊन घरी आली. हर्षदाच्या पहिल्या प्रशिक्षणातली विद्यार्थिनी. हर्षदाला तिचा चेहरा आठवला, नाव आठवलं नाही. संगीताने ते मनावर घेतलं नाही. ती आपली सांगत बसली. नाकाडाने सहा म्हटलं की मी एक म्हणायची, सलग पाच बरण्या. मला वाटलं यंत्र येडं झालंय. तर ती अत्तारबाई स्वतः गाडी घेऊन आली, माझ्या डोळ्यांना रुमाल बांधला, वीस बरण्या हुंगायला लावल्या आणि तशीच दवाखान्यात घेऊन गेली. आता औषध चालू आहे. वास निम्मा परत आला, डॉक्टर म्हणतात आजार आहे तिथेच थांबला.

"माझा नवरा म्हणतो, निम्मं नाक राहिलं तरी तोरा पूर्ण आहे," ती म्हणाली, आणि हर्षदा खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

जाताना संगीता तिच्या पाया पडायला लागली. म्हणाली, मॅडम, तुमच्यामुळे कळलं. हर्षदाने तिला वर उठवलं. तिला फाटकापर्यंत सोडून दिगंबर आत आला तेव्हा हर्षदा पेरू पिशवीतून काढून टोपलीत मांडत होती. एक उचलून तिने नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"अहो, पाच बरण्यांत कळलं हिचं."

"हो."

"माझ्या तर सोळा आठवडे चालल्या होत्या."

दिगंबरने घरंगळलेला एक पेरू उचलून टोपलीत ठेवला.

"माझ्या वेळी कुणाला शंकाच आली नाही ना?"

तिचा आवाज साधा होता. तिला खरोखर माहिती हवी होती, कारण अलीकडे काही गोष्टी तिच्या डोक्यातून निसटत आणि ती त्या त्याच्याकडून पक्क्या करून घेत असे. सोमवार आहे ना. गॅस बंद केला ना. तसंच तिने हे विचारलं.

"नाही," दिगंबर म्हणाला.

"मग सोडा. कुणाची चूक नाही त्यात," ती म्हणाली. त्याचा चेहरा बघून तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. "उगाच मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मला उचलून नेलं असतं."

तेव्हा सांगायला हवं होतं. तिला अजून सगळं कळत होतं. ती रागावली असती, कदाचित आठ दिवस बोलली नसती, कदाचित गार्गीकडे निघून गेली असती. तो तिचा हक्क होता. दिगंबर पेरू धुवायला नळाखाली घेऊन गेला.

त्यानंतर त्याने पुष्कळदा ठरवलं. एकदा संक्रांतीच्या आसपास सुरुवातही केली. हर्षदा, सहाव्या आठवड्यात ना, असं म्हणाला. तिने विचारलं, कसल्या. बदलीच्या, तो म्हणाला. ती म्हणाली, कुणाची बदली झाली. तेव्हा त्याला कळलं की आता सांगितलं तरी ते तिला सांगितल्यासारखं होणार नाही. शबाना दर पंधरा दिवसांनी येत असे. हर्षदा तिला आधी नावाने हाक मारायची, मग बाळ म्हणायची, मग नुसती हात धरून बसायची. शबानाने तो विषय एकदाही काढला नाही. एका संध्याकाळी फाटकापाशी दिगंबरने तिला विचारलं, तू सांगितलंस का मॅडमना कधी. ती म्हणाली, नाही सर, ते तुम्ही सांगायचं होतं.

त्या संक्रांतीच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत, हर्षदा गेली. शेवटचे दोन महिने ती कुणालाच ओळखत नव्हती.

तेराव्याला केंद्रातले सगळे आले होते. निकुंभ मॅडम कोपऱ्यात बसून रडल्या, त्यांना पुस्तिकेतलं कांदा न हुंगता दाबून बघण्याचं ते पान आठवत होतं. आठवड्याभराने दिगंबर कामावर गेला. आता कुठल्याही विभागात बदली हळूहळू करायची असली की लोक त्याच्याकडे तक्ता मागायला येतात. तो देतो, पण वर एक ओळ वाढवून देतो, की माणूस दोन ठिकाणी असताना आठवड्यातून एकदा दोन्हीकडच्या प्रमुखांनी एकत्र बसून त्याच्याबद्दल बोलायचं. लोकांना ती ओळ जास्तीची वाटते. तो ती काढू देत नाही.

निवेदन संचालकांकडे आहे. डॉक्टर भालेरावांना त्याने तोंडी सांगितलं. गार्गीला आई गेल्यानंतर चार महिन्यांनी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मी नंतर बोलते. अजून तिचा फोन आलेला नाही.

शबानाने सहाव्या आठवड्यात चाचणी मागितली होती आणि ती आपण होऊ दिली नाही, हे हर्षदाला सांगायचं राहिलं.